राज्यसभेत बिल कधी येणार हे कोण ठरवतं, आणि आकडा नसताना ते पास कसं होतं?

प्रश्न असा आहे की लोकसभेत पास झालेलं बिल राज्यसभेत कुठल्या दिवशी घ्यायचं हे नक्की कोण ठरवतं, सरकारकडे तिथे बहुमत नसलं तरी बिलं पास कशी होतात, आणि मग हे वरचं सभागृह फक्त शिक्का मारायला आहे का. शिवाय खासगी बिलांचं काय होतं आणि महाराष्ट्र-गोव्याच्या खासदारांनी काय करावं, हेही विचारलंय. मी बरीच वर्षं दिल्लीत राज्यसभेच्या खासदारांचं संसदीय काम बघतोय, म्हणजे भाषणाची टिपणं काढणं, दुरुस्त्यांच्या नोटिसा तयार करणं, कमिट्यांचे रिपोर्ट वाचून ठेवणं वगैरे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल.

आधी सरळ उत्तर. दिवस सरकार ठरवतं, चर्चेला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, आणि नियमांतून सूट द्यायची की नाही हे सभापतींच्या हातात असतं. टीव्हीवर आपण मतदानाचे आकडे बघतो, पण बहुतेक बिलांचं काय होणार हे त्याच्या बरंच आधी, वेळ वाटतानाच ठरलेलं असतं. राज्यसभेला एखादं बिल कायमचं अडवणं फार क्वचित जमतं, पण सरकारला बिलासाठी वेळ काढायला लावणं जमतं, आणि ज्या ज्या वेळी तिने ते नीट केलं त्या त्या वेळी कायदा सुधारून बाहेर पडलाय. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात अधिवेशनाच्या आधी होते. कॅबिनेटची संसदीय कामकाज समिती तारखा सुचवते, राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना बोलावतात. त्याआधी संसदीय कार्य मंत्रालय प्रत्येक खात्याला विचारून घेतं की तुमची कुठली बिलं तयार आहेत, कशाला कॅबिनेटची मंजुरी मिळालीये, कुठलं अजून विधी मंत्रालयात मसुद्यातच अडकलंय. या यादीत पहिला मान अध्यादेशाच्या (संसद चालू नसताना राष्ट्रपतींनी काढलेल्या तात्पुरत्या कायद्याच्या) जागी येणाऱ्या बिलांचा, कारण संसद भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश आपोआप संपतो आणि सरकारला तेवढ्यात दोन्ही सभागृहं पार करावी लागतात. दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांबद्दलचा अध्यादेश मे २०२३ मध्ये निघाला, त्याचं बिल पावसाळी अधिवेशनात आलं आणि ७ ऑगस्टला राज्यसभेत १३१ विरुद्ध १०२ मतांनी पास झालं. अशा बिलासोबत विरोधक एक ठराव आणतात की हा अध्यादेशच आम्हाला नामंजूर आहे, आणि तो ठराव आणि बिल यांची चर्चा एकत्रच होते.

अधिवेशनाच्या तोंडावर सर्वपक्षीय बैठक होते, बिलांची यादी वाटली जाते, पेपरात 'या अधिवेशनात अमुक बिलं येणार' अशी बातमी येते. ती यादी सरकारवर बंधनकारक नसते. एसटी स्टँडवर बोर्ड लागला म्हणजे गाडी सुटेलच असं नाही आणि बोर्ड नसलेली गाडी मध्येच लागते, तसंच आहे हे. मग दर आठवड्याच्या शेवटी राज्यसभेत संसदीय कार्य राज्यमंत्री उभे राहून पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात, आणि रोजची कामकाज पत्रिका म्हणजे लिस्ट ऑफ बिझनेस आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर येते. पत्रिकेतला क्रम सभापती सभागृह नेत्यांशी बोलून ठरवतात, आणि सभागृह नेते हे सरकारच्या बाजूचे असतात, म्हणजे क्रमही शेवटी सरकारच्याच मनासारखा लागतो. यात सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखी चीज म्हणजे पुरवणी पत्रिका. सकाळच्या पत्रिकेत नसलेलं बिल दुपारी पुरवणी पत्रिकेत येऊ शकतं, आणि अशा दिवशी खासदारांच्या ऑफिसात काय धावपळ होते ते शब्दात सांगणं अवघड आहे.

आता कामकाज सल्लागार समिती, आम्ही नुसतं बीएसी म्हणतो. अकरा जण, त्यात सभापती आणि उपसभापती धरून, बाकीचे पक्षांचे नेते, आणि ज्या पक्षांना जागा मिळत नाही त्यांच्या नेत्यांनाही बोलावतात. या समितीपुढे सरकार सांगतं आम्हाला ही बिलं घ्यायचीत, आणि मग घासाघीस होते की याला दोन तास, त्याला चार तास. कुठलं बिल आणायचं यावर समितीचं फार चालत नाही, किती वेळ द्यायचा यावर चालतं. ठरलेला वेळ पक्षांच्या सदस्यसंख्येप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे मोठ्या पक्षांकडे तासाच्या हिशोबात वेळ असतो आणि एक-दोन खासदारवाल्या पक्षाला चार-पाच मिनिटं. त्या चार मिनिटांत पन्नास कलमांच्या बिलावर काय बोलणार माणूस, आधी दोन मुद्दे निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हीच टिपणं काढणाऱ्याची खरी परीक्षा.

शिवाय राज्यसभेचा दिवस दिसतो तेवढा मोठा नसतो. ११ वाजता कागदपत्रं पटलावर ठेवणं आणि शून्य प्रहर, १२ ते १ प्रश्नोत्तरांचा तास (लोकसभेत तो ११ ला असतो, राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून १२ ला नेला), मग जेवणाची सुट्टी, आणि सरकारी बिलं म्हटली की मुख्यतः दुपारी २ ते ६. शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या कामकाजाला जातात. म्हणजे सकाळी गदारोळ झाला, कामकाज २ पर्यंत तहकूब, परत गदारोळ, की आठवड्याभरात बिलांसाठी किती तास उरले याचा हिशोब तुम्हीच करा. आणि मग अधिवेशनाच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत दिवसाला दोन-तीन बिलं उरकली जातात. गोंधळामुळे नुकसान विरोधकांचंच जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण गोंधळातही आवाजी मतदानाने बिल पास करता येतं पण गोंधळात दुरुस्ती पटवून देता येत नाही.

नोटिशीचे नियम कंटाळवाणे वाटतील पण खरी गंमत तिथेच आहे. लोकसभेने पास केलेलं बिल आलं की महासचिव तसा निरोप सभागृहात वाचतात आणि बिलाची प्रत पटलावर ठेवतात. मंत्री मग 'हे बिल विचारात घ्यावं' अशी नोटीस देतात, आणि नियम सांगतो की नोटीस मिळाल्यापासून निदान दोन दिवसांनी तो प्रस्ताव पत्रिकेवर यावा, सभापतींनी वेगळं सांगितलं नाही तर. तसंच दुरुस्ती द्यायची असेल तर ती एक दिवस आधी द्यायची, नाहीतर कोणीही आक्षेप घेऊ शकतो. आता हे दोन नियम एकत्र ठेवून बघा. दोन दिवस मिळाले तर खासदार बिल वाचतो, त्या विषयातल्या लोकांना फोन करतो, आपल्या राज्यातल्या अधिकाऱ्यांना विचारतो आणि चार चांगल्या दुरुस्त्या टाकतो. सभापतींनी दोन दिवसांची अट शिथिल केली की बिल आज आलं आणि आजच चर्चेला, मग दुरुस्तीची नोटीस कधी देणार?

५ ऑगस्ट २०१९ ला जम्मू काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेतच पहिल्यांदा मांडलं गेलं, त्याच दिवशी चर्चा झाली आणि त्याच दिवशी १२५ विरुद्ध ६१ ने पास झालं. एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश करणारं बिल खासदारांच्या हातात सकाळी पडलं. तुमचं त्या निर्णयाबद्दल मत काहीही असो, मला वाटतं इतक्या मोठ्या बिलाला ते दोन दिवस मिळायलाच हवे होते. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाचंही असंच, ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मांडून तिथेच पास, राज्यसभेचं अधिवेशन त्यासाठी एक दिवस वाढवलं, आणि ९ तारखेला रात्री १६५ विरुद्ध ७ ने मंजूर. ती तर घटनादुरुस्ती होती.

चर्चेच्या दिवशी काय होतं ते आता. मंत्री बिल विचारात घेण्याचा प्रस्ताव मांडतात आणि त्याच वेळी विरोधक आपला प्रस्ताव मांडू शकतात की हे बिल प्रवर समितीकडे, म्हणजे ते तपासायला नेमलेल्या निवडक खासदारांच्या समितीकडे पाठवा. चर्चा, मंत्र्यांचं उत्तर, मग आधी समितीच्या प्रस्तावावर कौल आणि मग विचारात घेण्यावर. त्यानंतर कलमवार वाचन, म्हणजे कलम २ पासून सुरुवात करून एकेक कलम आणि त्यावरच्या दुरुस्त्या, आणि कलम १ आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. मग 'बिल पास करावं' हा शेवटचा प्रस्ताव. टीव्हीवर कलमवार वाचन बघितलंत तर वाटेल हे काय, 'कलम ५ ते ३८, होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणा' आणि संपलं. ज्या कलमावर दुरुस्तीच नाही ती अशी गठ्ठ्यानेच जातात.

कौल आधी आवाजी घेतला जातो, पण तो मान्य नसेल तर सदस्य मतविभाजन म्हणजे डिव्हिजन मागू शकतो. घंटा वाजते, दारं बंद होतात, बटणं दाबली जातात, कोणी कसं मत दिलं याची कायमची नोंद राहते. या नोंदीचं महत्त्व लोकांना कळत नाही. आवाजी मतदानात तुमच्या खासदाराने काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. २० सप्टेंबर २०२० ला कृषी बिलांवरून जो राडा झाला त्याच्या मुळाशी हेच होतं. विरोधक म्हणत होते आम्हाला प्रवर समिती हवी आणि त्यावर डिव्हिजन हवं, पीठासीन उपसभापतींनी आवाजी मतदान घेतलं, नंतरचं स्पष्टीकरण असं की डिव्हिजन मागणारे आपल्या जागेवर नव्हते, ते हौद्यात, म्हणजे सभापतींच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत होते. विरोधक आजही ते मान्य करत नाहीत. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. आणि त्या कायद्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, वर्षभर आंदोलन आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत मागे घेतले. ती बिलं समितीत गेली असती तर शेतकरी संघटना समितीपुढे येऊन बोलल्या असत्या, ते सगळं रस्त्यावर झालं.

आता आकडा नसताना बिल पास कसं होतं. राज्यसभेची मंजूर संख्या २४५, त्यात १२ राष्ट्रपतीनियुक्त. पण साध्या बिलाला २४५ पैकी अर्धे लागत नाहीत, त्या क्षणी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त लागतात. तिहेरी तलाकचं बिल ३० जुलै २०१९ ला ९९ विरुद्ध ८४ ने पास झालं, बेरीज करा, १८३ होते फक्त. सरकारच्या आघाडीकडे स्वतःचं बहुमत नव्हतं, पण काही पक्षांनी सभात्याग केला, काही खासदार आलेच नाहीत. भाषण विरोधात करायचं आणि मतदानाच्या आधी बाहेर जायचं हा राज्यसभेतला फार जुना मार्ग आहे, मतदारांना विरोध दिसतो आणि सरकारलाही अडचण होत नाही. म्हणून मी ऑफिसातल्या नव्या मुलांना सांगतो की भाषण ऐकू नका, डिव्हिजनच्या यादीत नाव आहे का ते बघा.

घटनादुरुस्तीला मात्र ही सवलत नाही. तिथे एकूण सदस्यसंख्येच्या अर्ध्याहून जास्त आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, दोन्ही अटी लागतात, आणि लोकसभा काहीही म्हणो, राज्यसभेत पडलं की पडलं. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं बिल लोकसभेत पास होऊन आलं आणि राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश होतात १४९.३३. एका मताने गेलं. इंदिरा गांधींना मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढावी लागली, सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, आणि तनखे शेवटी १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेले. ऑक्टोबर १९८९ मध्ये राजीव गांधींची पंचायत राज आणि नगरपालिकांची बिलंही राज्यसभेतच पडली, तोच विषय नंतर ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती म्हणून परत आला.

धन विधेयकावर, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या बिलावर, राज्यसभेचं जवळजवळ काहीच चालत नाही, १४ दिवसांत परत करायचं, फार तर शिफारशी करायच्या. एखादं बिल धन विधेयक आहे की नाही हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. आधारचं बिल २०१६ मध्ये असंच आलं, १६ मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि त्याच दिवशी लोकसभेने पाचही फेटाळल्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये बहुमताने ते धन विधेयक मान्य केलं, न्या. चंद्रचूड यांनी मात्र आपल्या वेगळ्या निकालपत्रात ते स्वच्छ शब्दांत नाकारलं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

साध्या बिलावर दोन सभागृहांचं जमलंच नाही तर संयुक्त बैठक, जिथे लोकसभेच्या संख्येपुढे राज्यसभेचं काही चालत नाही. पण आजपर्यंत हे फक्त तीनदा झालंय, १९६१ चं हुंडाबंदीचं बिल, १९७८ मधलं बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं आणि २००२ मधलं पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं. लोक विचारतात की मग सरकार संयुक्त बैठक रोज का बोलवत नाही. कारण त्यासाठी राज्यसभेने बिल फेटाळायला हवं, किंवा दुरुस्त्यांवर मतभेद पक्का व्हायला हवा, किंवा सहा महिने उलटायला हवेत. सरकारला घाई असते तेव्हा हा लांबचा रस्ता असतो, त्यापेक्षा चार पक्षांना सभात्याग करायला सांगणं सोपं पडतं.

आणखी एक नियम जो वेळेच्या खेळात फार महत्त्वाचा आहे. लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेने पास करून राज्यसभेत पडून असलेली बिलं मरतात, पण राज्यसभेतच मांडलेली आणि लोकसभेत न गेलेली बिलं जिवंत राहतात. महिला आरक्षणाचं बिल मे २००८ मध्ये मुद्दाम राज्यसभेत मांडलं ते यासाठीच, त्यामुळे २००९ ची निवडणूक त्याने पार केली. ९ मार्च २०१० ला मार्शल बोलावून, गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना निलंबित करून ते १८६ विरुद्ध १ असं पास झालं. मग ते लोकसभेकडे गेलं, लोकसभेने चार वर्षं ते घेतलंच नाही आणि २०१४ ला ते संपलं. शेवटी २०२३ मध्ये नव्या बिलाने तो विषय मार्गी लागला, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य.

यातलीच दुसरी गोष्ट मोटार वाहन बिलाची. एप्रिल २०१७ मध्ये लोकसभेने पास केलं, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवलं, समितीचा रिपोर्टही आला, पण बिल काही पत्रिकेवर येऊन पास झालं नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर गेलं. मग नवीन बिल, २३ जुलै २०१९ ला लोकसभा, ३१ जुलैला राज्यसभा, पण राज्यसभेत सरकारला स्वतःच्याच दुरुस्त्या करून घ्याव्या लागल्या, म्हणून ते परत लोकसभेत जाऊन ५ ऑगस्टला मंजूर झालं. राज्यसभेने एक शब्द बदलला तरी बिल परत लोकसभेकडे जातं, त्यामुळे अधिवेशनाचा शेवटचा दिवस असेल आणि लोकसभा आधीच संपली असेल तर मंत्री कितीही चांगली दुरुस्ती असली तरी घेत नाहीत. 'तुमचा मुद्दा बरोबर आहे, नियम करताना बघू' हे उत्तर त्यामुळेच इतक्या वेळा ऐकू येतं.

आता ज्या दोन बिलांमुळे माझा राज्यसभेवर विश्वास आहे ती. पहिलं लोकपाल. डिसेंबर २०११, अण्णा हजारे मुंबईत एमएमआरडीएच्या मैदानावर उपोषणाला, २७ तारखेला लोकसभेने बिल पास केलं, आणि २९ तारखेला राज्यसभेत रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली, दुरुस्त्या आल्या होत्या १८७. बारा वाजले, मतदान न होता सभागृह बेमुदत तहकूब. त्या रात्री सगळ्यांनाच वाटलं की फसवणूक झाली, आणि ज्या पद्धतीने ते संपवलं ती पद्धत चुकीचीच होती. पण पुढे मे २०१२ मध्ये बिल प्रवर समितीकडे गेलं. खासदारांचा मुख्य आक्षेप हा होता की राज्यांच्या लोकायुक्तांचा साचा दिल्ली कशाला ठरवणार, महाराष्ट्रात तर १९७१ पासून लोकायुक्त कायदा आहे. समितीने तो भाग मोकळा केला, राज्यांनी आपापला कायदा वर्षभरात करावा असं ठेवलं. डिसेंबर २०१३ मध्ये, अण्णा परत राळेगणसिद्धीला उपोषणाला बसलेले असताना, १७ तारखेला राज्यसभेने आणि १८ ला लोकसभेने ते मंजूर केलं. राज्यांचं सभागृह म्हणून जी अपेक्षा असते ती इथे पूर्ण झाली, लोकसभेच्या घाईत राज्यांचा प्रश्न कोणी नीट ऐकलाच नव्हता.

दुसरं जीएसटी. ६ मे २०१५ ला लोकसभेने घटनादुरुस्तीचं बिल पास केलं. त्यात राज्याराज्यांतल्या मालावर १ टक्क्यापर्यंत जादा कर होता, दोन वर्षं, माल बनवणाऱ्या राज्यांना म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू यांना भरपाई म्हणून. आणि राज्यांना महसुलाची भरपाई 'देता येईल' अशी ढिली भाषा होती. राज्यसभेने ते २१ जणांच्या प्रवर समितीकडे पाठवलं, रिपोर्ट जुलैमध्ये आला, त्यानंतर वर्षभर सरकार आणि विरोधक, केंद्र आणि राज्यं असं बोलणं चाललं. ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेने २०३ विरुद्ध शून्य मतांनी बिल पास केलं तेव्हा तो जादा कर काढलेला होता (तो राहिला असता तर प्रत्येक राज्याच्या सीमेवर माल महाग होत गेला असता आणि जीएसटीचा हेतूच गेला असता), भरपाई पाच वर्षं 'दिलीच पाहिजे' अशी झाली होती आणि वाद मिटवायची यंत्रणा पक्की झाली होती. ८ ऑगस्टला लोकसभेने हे बदल मान्य केले, महिना संपायच्या आत महाराष्ट्र विधिमंडळाने एक दिवसाचं विशेष अधिवेशन घेऊन दुरुस्तीला संमती दिली. पुढे २०२० मध्ये कोविडमुळे वसुली कोसळली तेव्हा सगळी राज्यं केंद्राकडे भरपाई मागू शकली ती या बदललेल्या शब्दांच्या जोरावर. तेव्हा 'राज्यसभा अडवतेय, देशाचं नुकसान होतंय' असे लेख रोज येत होते. त्या पंधरा महिन्यांत कायदा सुधारला हे आता कोणी नाकारणार नाही.

समिती म्हणजे विलंब असं समीकरण झालंय ते मला मनापासून खटकतं. पंधराव्या लोकसभेच्या काळात जवळपास ७० टक्के बिलं समित्यांकडे जात होती, सतराव्या लोकसभेत ते प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे सदस्य, त्यातल्या ८ समित्या राज्यसभेच्या सभापतींकडे. कॅमेरे नसतात, त्यामुळे तिथे पक्ष विसरून लोक काम करतात, मी हे स्वतः बघितलंय, सभागृहात एकमेकांवर ओरडणारे दोघं समितीत एकाच कलमाच्या भाषेवर शांतपणे तासभर डोकं लावतात. अर्थात समितीत गेलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. तीन नवे फौजदारी कायदे गृह खात्याच्या स्थायी समितीकडून तपासून आले होते, पण डिसेंबर २०२३ मध्ये ते राज्यसभेत पास झाले तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. वक्फ दुरुस्तीचं उलट, संयुक्त समिती झाली, चर्चा ३ एप्रिल २०२५ ला सुरू होऊन मध्यरात्र उलटून गेली, पहाटे १२८ विरुद्ध ९५ असं डिव्हिजन झालं. निकाल कोणाला आवडो न आवडो, पण प्रत्येकाचं मत नोंदवलं गेलं.

खासगी बिलांबद्दलही विचारलंय. मंत्री नसलेला कुठलाही खासदार बिल मांडू शकतो, पण आजवर अशी फक्त १४ कायदा झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं बिल एप्रिल २०१५ मध्ये राज्यसभेने पास केलं, लोकसभेत ते पुढे गेलं नाही, पण सरकारला त्या विषयावर स्वतःचं बिल आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. शुक्रवारच्या त्या अडीच तासांना रिकामी बाकं असतात, पेपरवाले निघून गेलेले असतात, तरी मी ते कामकाज आवर्जून ऐकतो.

महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार आहेत आणि गोव्याचा एक. त्यांनी काय करावं असं तुम्ही विचारलंय, तर बहुमत त्यांच्या हातात नसतं पण नोटीस एकट्या खासदारालाही देता येते, दुरुस्तीची, प्रवर समितीच्या प्रस्तावाची, आणि डिव्हिजनची मागणीही तो एकटा करू शकतो. तुम्हाला एखाद्या बिलात खरंच रस असेल, समजा सहकारी बँकांचं आहे किंवा मासेमारीचं, तर लोकसभेत ते मांडलं गेल्याच्याच दिवशी खासदाराला लिहा, राज्यसभेत येईपर्यंत थांबू नका. कुठलं कलम, त्यात काय अडचण आणि त्याजागी कुठले शब्द हवेत एवढं एका पानात द्या, मराठीत चालेल, नोटिशीचा मसुदा ऑफिसवाले इंग्रजी किंवा हिंदीत करून घेतात. आणि बिल समितीकडे गेलं असेल तर समिती पेपरात जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते, मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, ती जाहिरात चुकवू नका, कारण तिथे आलेलं निवेदन रेकॉर्डवर जातं आणि सदस्य त्यातूनच साक्षीदार अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात.